घरात बसून ऊन कसं लागलं?

प्रश्न : आम्ही अकोल्यात चौथ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. घरात मी, माझे यजमान, चार वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांचे सासरे. सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. उन्हाळा लागला की आमच्याकडे रोज एकच वाद. सासरे म्हणतात, खिडक्या उघडा, जीव गुदमरतो. यजमान म्हणतात, झळा येतात, धूळ येते, कूलर लावलाय तर बंदच राहू द्या. तीन वर्षांपूर्वी बाल्कनीला सरकत्या काचा बसवून घेतल्या. कबुतरांच्या त्रासाने दारांवरचे झरोके पुठ्ठे लावून बुजवले. हॉलमध्ये मोठा कूलर आहे. तो रात्रभर चालतो, तरी सकाळी सगळ्यांचं डोकं जड, गाद्या दमट, कूलरमागच्या भिंतीला बुरशी. गेल्या मे महिन्यात सासरे पहाटे बाथरूमला जायला उठले आणि भोवळ येऊन पडले. डॉक्टरांनी सलाईन लावलं, म्हणाले ऊन लागलंय. पण ते चार दिवस घराबाहेर पडलेच नव्हते! घरात बसून ऊन कसं लागेल? शेजारी म्हणतात, सरळ एसी घ्या. घ्यावा का? की आमच्या घरातच काही चुकतंय?

— एक सून, अकोला

उत्तर :

ताई, ‘ते चार दिवस घराबाहेर पडलेच नव्हते’ हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. घरं आखण्याच्या कामात पंचवीस वर्षं काढल्यावर असं काही वाचलं की पोटात कालवतं, कारण चूक तुमच्या सासऱ्यांची नसते आणि बहुतेक वेळा तुमचीही नसते. चूक घराच्या हवेची असते आणि ती दुरुस्त होऊ शकते.

आपण ‘ऊन लागलं’ म्हणतो ना, त्या शब्दानेच थोडा घात केलाय. त्यामुळे सावलीत बसलेला माणूस सुरक्षित, असं आपण धरून चालतो. शरीराला ऊन आणि सावली यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं. आतली उष्णता बाहेर टाकता येतेय की नाही, एवढंच त्याला कळतं. माणूस नुसता पडून राहिला तरी त्याच्या अंगातून साधारण ७० ते १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तुमच्या घरात असे चार बल्ब रात्रभर चालू असतात. आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. भोवतालची हवा त्याहून गार असेल तर ही उष्णता आपसूक हवेत निघून जाते. हवाच ३८-४० ला पोचली की तो रस्ता बंद होतो आणि उलट हवाच अंगाला तापवू लागते. मग उरतो फक्त घाम. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. कोंदट, दमट खोलीत घाम अंगावरून ओघळतो, कपडे भिजवतो, पण वाळत नाही. म्हणजे शरीरातलं पाणी जातं, मीठ जातं आणि गारवा काही मिळत नाही.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मुळात घाम कमी सुटतो आणि तहानही उशिरा लागते. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काहींमुळे उठताना रक्तदाब एकदम खाली येतो. चार दिवस, त्याहून महत्त्वाचं म्हणजे चार रात्री, गरम कोंदट घरात काढल्यावर पहाटे उठताना भोवळ येणं हे अगदी या सगळ्याच्या हिशोबातलं आहे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद किंवा कमी करू नका. उन्हाळा लागायच्या आधीच, मार्चमध्ये डॉक्टरांकडे जाऊन ‘उन्हाळ्यात हाच डोस ठेवायचा का’ एवढं विचारून या.

रात्रींवर मी मुद्दाम भर देतेय. दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं. रात्रही गरम गेली तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच उसनवारीवर होते. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेसोबत ‘उष्ण रात्री’चाही वेगळा इशारा देतं. दिवसाचं तापमान ४० किंवा वर गेलेलं असताना रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त वर राहिलं, तर ती उष्ण रात्र. पण तो आकडा वेधशाळेतल्या, सावलीतल्या तापमापकाचा. गच्चीखालच्या खोलीतली रात्र त्याहून कितीतरी गरम असते.

किती, ते बघायचं असेल तर एक करा. रात्री नऊ वाजता पंखा बंद करून भक्कम स्टुलावर उभ्या राहा आणि छताला तळहात टेकवा. (तुम्ही स्वतःच करा, सासऱ्यांना चढू देऊ नका.) सूर्य मावळून दोन तास होऊन गेलेले असतात आणि छत मात्र नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या कडेसारखं लागतं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सावकाश खाली सोडतो. बाहेर रस्त्यावर दहा वाजता वारा सुटलेला असतो, माणसं शतपावली करत असतात, आणि तुम्ही खिडक्या लावून त्या तव्याखाली झोपता. तुमच्या सासऱ्यांना ऊनच लागलं होतं, ताई. दिवसाचं ऊन स्लॅबने साठवलं आणि रात्री त्यांच्या अंगावर ओतलं.

हे फक्त तुमच्याच घरी झालं असं मनात आणू नका. १९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं गेली. त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती आणि चोरांच्या भीतीने कित्येकांनी खिडक्या घट्ट बंद ठेवल्या होत्या. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जीव गेले. तिथेही छपराच्या लगेच खाली राहणाऱ्या वृद्धांना धोका जास्त होता. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले आणि त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला. त्याच अहमदाबादच्या एका सार्वजनिक रुग्णालयातली गोष्ट मी प्रत्येक घरमालकाला सांगते. बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर, छपराखाली होता आणि नुकती जन्मलेली बाळं तापाने फणफणून नवजात विभागात येत होती. वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला आणि असे रुग्ण कमी झाले. ती बाळंही घराबाहेर पडली नव्हती.

आता तुमच्या कूलरकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे.

कूलर हवा गार कशी करतो? बाहेरची कोरडी, गरम हवा ओल्या वाळ्यातून किंवा गवताच्या जाळ्यांतून ओढतो. पाणी वाफ होताना त्या हवेतली उष्णता घेतं. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी ४२ अंश आणि हवेत २० टक्के दमटपणा असेल, तर चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. आपल्या वऱ्हाडाला हे मोठं वरदान आहे. पण याला एक अट आहे : आत येणारी प्रत्येक गार झुळूक नंतर घराबाहेर गेली पाहिजे, आणि कूलरला प्रत्येक वेळी नवी कोरडी हवा मिळाली पाहिजे. तुमचा कूलर हॉलच्या आत ठेवलाय, भिंतीला पाठ लावून. खिडक्या बंद. म्हणजे तो खोलीतलीच, आधीच ओली झालेली हवा पुन्हा पुन्हा ओली करतोय. पहिला अर्धा तास गार वाटतं, मग हवेला आणखी पाणी घेताच येत नाही. कूलर पाणी उडवत राहतो, गारवा थांबतो, घाम वाळेनासा होतो. गादीतला दमटपणा, भिंतीवरची बुरशी, सकाळचं जड डोकं, सगळं याच एका गोष्टीतून आलंय. त्यात बंद घरात चार माणसांचा रात्रभरचा श्वास. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सव्वाचारशे भाग असतो, बंद खोलीत पहाटेपर्यंत तो दोन हजारांच्याही वर जाऊ शकतो. त्याने कुणी दगावत नाही, पण झोप नीट लागत नाही आणि उठल्यावर डोक्यावर दगड ठेवल्यासारखं वाटतं.

माझ्या आईच्या खोलीत हे मला पापडाने शिकवलं. ती तेव्हा अमरावतीला होती. मी मे महिन्यात गेले, तिने पापड भाजले, ताटलीत ठेवले, आणि आम्ही बोलत बसलो. दहा मिनिटांनी उचलला तर पापड सादळलेला. वऱ्हाडात, मे महिन्यात! जिथे अंगणात टाकलेल्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत होतात, तिथे घरातला पापड मऊ पडत होता. तोवर ती महिनाभर मला फोनवर सांगत होती की पाय सुजतात, रात्री जीव घाबरा होतो, आणि मी ‘पाणी पी, ताक पी’ एवढंच म्हणत होते. त्या दिवशी समोरची खिडकी उघडली आणि कूलर आतून काढून खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर नेला. तेवढ्यानेच खोली बदलली. तुमच्याकडेही भाजलेला पापड ठेवून बघा. सादळला तर समजा, तुमचा कूलर आता फक्त ओल देतोय.

तर कूलर असा लावा. तो खिडकीबाहेर, शक्यतो उत्तरेच्या किंवा सावलीच्या बाजूला. पश्चिमेच्या उन्हात नको. तोंड आत, पाठ आणि दोन्ही बाजूच्या जाळ्या मोकळ्या हवेत. खिडकीच्या चौकटीतली उरलेली फट फळीने किंवा थर्माकोलने बुजवा. आणि घराच्या दुसऱ्या टोकाची खिडकी उघडा. किती? कूलरच्या तोंडाएवढी तरी, जमल्यास दुप्पट. कूलर हॉलच्या खिडकीला असेल आणि गारवा सासऱ्यांच्या खोलीत हवा असेल, तर त्यांच्या खोलीची लांबची खिडकी उघडा आणि बाकीच्या खोल्यांच्या लावून घ्या. हवा जिकडे वाट मिळेल तिकडे जाते, जाताना गारवा सोबत नेते. रिकाम्या बाटलीत फुंकर मारून बघा, हवा आत जातच नाही, तोंडावर परत येते. खोलीचंही तसंच आहे. यायला एक वाट आणि जायला दुसरी, दोन्ही हव्यात.

तुमच्या भागातलं पाणी खारं असेल तर जाळ्यांवर पांढरा थर बसत असणार. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने एका उन्हाळ्यात गवताचा दगड होतो आणि त्यातून हवाच ओढली जात नाही. दर हंगामाला जाळ्या बदला. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासा आणि कोरडी करा. नुसतं पाणी ओतून देऊ नका. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि पाणी भरलं की पुन्हा जिवंत होतात. मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा उतरली की पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. पाणीही वाचेल, गाद्याही कोरड्या राहतील. आणि रोहिणी संपून मृगाची चाहूल लागली, हवा दमट झाली, की पंपाचा उपयोग संपला असं समजा.

आता घरातला वाद. तुमचे यजमान आणि सासरे दोघंही बरोबर आहेत, फक्त दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. सकाळी साडेसात-आठपासून रात्री नऊ-दहापर्यंत यजमानांचं ऐका. बाहेर ४३ अंश असताना सताड उघडलेल्या खिडक्या म्हणजे झळांना दिलेलं आमंत्रण. (कूलर चालू असेल तेव्हा त्याची बाहेर जायची वाट तेवढी उघडी.) रात्री दहापासून पहाटेपर्यंत सासऱ्यांचं ऐका आणि सगळं उघडून टाका. घड्याळावर विश्वास नसेल तर दोन साधे भिंतीवरचे तापमापक आणा, एक आत टांगा, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली उतरला की उघडा, पुन्हा वर चढू लागला की लावा. सात-आठ तास गार हवा घरातून वाहिली की भिंती, फरशी, कपाटं, गाद्या सगळं निवतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपार व्हायला उशीर लागतो.

सासरे खिडकी उघडा म्हणतात ते हट्टापोटी नाही, असं मला वाटतं. त्यांच्या पिढीने धाब्याच्या घरात उन्हाळे काढलेत. हातभर जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, छतात सवणं, म्हणजे उजेडाला आणि हवेला ठेवलेलं भोक. गरम हवा वर चढते, ती सवण्यातून बाहेर जायची आणि खालच्या दारातून ओसरीवरची सावलीतली हवा आत यायची. विजेशिवाय, दिवसरात्र. दुपारी दारं ओढून घ्यायची, दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारायचं, आणि रात्री बाजा, म्हणजे खाटा, अंगणात. चौथ्या मजल्यावर अंगण नाही, पण दारावरचा झरोका म्हणजे त्या सवण्याचाच धाकटा भाऊ आहे, आणि तो तुम्ही पुठ्ठ्याने बुजवलाय. पुठ्ठे काढा, तिथे कबुतरांसाठी तारेची जाळी ठोका. दार लावून झोपायचं असलं तरी खोलीतली वर साचलेली गरम हवा तिथून निघून जाईल.

बाल्कनीच्या काचांबद्दल तुम्हाला वाईट वाटेल असं काही सांगायचंय. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही, एक काच दुसरीमागे जाते, म्हणजे निम्मीच उघडते. हिशोब करून बघा. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या उष्ण भागासाठी खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या किमान एक दशांश सांगितलंय. १० बाय १२ च्या खोलीला १२ चौरस फूट. त्या खोलीत ४ बाय ४ ची सरकती खिडकी असली तर कागदावर १६ चौरस फूट भरतात, घर नियमात बसतं. हवेला मात्र ८ चौरस फूटच मिळतात. त्यावर डासांची जाळी आली, जाळीत धूळ बसली, की आणखी कमी. बाल्कनीच्या काचा काढता आल्या तर उत्तम. नसेल जमत तर रात्री प्रत्येक पट्टीतली काच सरकवून निम्मी बाजू तरी मोकळी ठेवा, आणि दिवसा काचेच्या बाहेरून बांबूची चीक किंवा हिरवी नेट सोडा. आतून पडदा लावून फारसा फरक पडत नाही, ऊन एकदा काचेच्या आत आलं की ते घरातच राहतं. मूल चार वर्षांचं आहे, तेव्हा उघड्या खिडकीला ग्रील हवंच आणि तिच्याखाली खुर्ची, पलंग, टीपॉय काही नको.

डासांसाठी बारीक जाळी लावा आणि पंधरा दिवसांनी ब्रशने धुवा, किंवा सरळ मच्छरदाणी. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळू नका. तो धूर मुलाच्या आणि म्हाताऱ्याच्या छातीला फार वाईट.

एवढं केल्यावर घरातून हवा खरोखर फिरतेय का, हे कसं कळणार? देवघरातली उदबत्ती घ्या. रात्री दहानंतर सगळे पंखे आणि कूलर बंद करा, खिडक्या उघडा, उदबत्ती लावून प्रत्येक खिडकीशी, दाराशी, झरोक्याशी अर्धा-अर्धा मिनिट धरा. धूर आत वळला तर तिथून हवा येतेय. बाहेर ओढला गेला तर तिथून जातेय. दोरीसारखा सरळ वर गेला तर ती जागा मेलेली आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो, तेव्हा त्या बाजूला आत वळणारा धूर दिसायला हवा. आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन जागा सापडल्या की मधली दारं उघडी ठेवा, वाटेतलं कपाट हलवा, आणि सासऱ्यांची कॉट त्या वाटेवर आणा, डोकं खिडकीकडे करून. वारा पडलेला असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू ठेवा. तो साधारण ४०-५० वॉट घेतो आणि तिकडून हवा बाहेर फेकली की झोपायच्या खोलीच्या खिडकीतून तेवढीच गार हवा आत ओढली जाते. स्वयंपाकघराचं दार मात्र उघडं हवं. कुठलीच खिडकी उघडी नसेल तर एक्झॉस्ट नुसताच घरघरतो.

दुपारी नुसत्या छताच्या पंख्यावर विसंबू नका. खोलीतली हवा ४० च्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. अशा वेळी ओला पंचा मानेवर, दंडांवर फिरवा, मग पंखा, म्हणजे पाणी वाळताना गारवा मिळेल.

गच्चीला मार्चमध्येच पांढरा चुना मारून घ्या. त्यात फेविकॉल घातलं तर तो धरून राहतो. गच्ची सोसायटीची असते, म्हणून परवानगी मागा, नाही म्हणणारं कुणी भेटलं तर त्याला स्टुलावर चढवून तुमच्या छताला हात लावायला सांगा. घरात दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि तो नेमका रात्रीच्या वेळी जाणवतो.

मुंबई, कोकण, गोव्याच्या वाचकांनी यातलं कूलरचं काहीच घेऊ नये. तिथली हवा आधीच ओली, त्यात आणखी पाणी घालून त्रासच वाढेल. तुम्हाला दिवसरात्र समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि अंगावरून वारा, हाच मार्ग.

एसी घ्यावा का? घेता येत असेल तर सासऱ्यांच्या खोलीत एक घ्या, मी नाही म्हणणार नाही. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ७४ वर्षांच्या माणसासाठी ती चैन नसते. पण वरचं सगळं केल्यावर घ्या. नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. त्याच्या भरवशावर घर बाटलीसारखं बंद केलंत तर जड डोकं तसंच राहील. सकाळी आणि झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं खोली मोकळी करा, २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावा. आणि लाइट गेली तर काय, हा प्रश्न विचारून ठेवा. चुन्याची गच्ची, जाळीचे झरोके आणि दोन वाटांची हवा लाइट गेल्यावरही काम करतात.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. उन्हाळ्यात सासरे असंबद्ध बोलायला लागले, हाका मारल्यावर भानावर येईनात, अंग चटका बसावा इतकं तापलं, फेफरं आलं, तर तो साधा ताप नाही. क्रोसिनने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता किंवा ओल्या चादरीत ठेवून जोरात वारा घाला, मान, काख, जांघ इथे गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, पन्हं काहीही घालू नका.

गेल्या वर्षी ते पडले, सावरले, हे तुमचं नशीब. यंदा बाकी काही जमलं नाही तरी दोन गोष्टी आजच करा : झरोक्यावरचा पुठ्ठा काढा आणि उदबत्ती लावून बघा. मग एका कागदावर घराचा साधा नकाशा काढा, खिडक्या कुठे, उत्तर कुठली, कूलर कुठे, आणि प्रत्येक खिडकीपाशी धूर कुठे वळला त्याचा बाण. तो मला पाठवा. कॉट नेमकी कुठे ठेवायची ते त्यावर खूण करून कळवते.